म्हापशाच्या कोपऱ्यावरचा बेकरी-स्टॉल: काय मागायचं, कधी मागायचं

आमच्याकडे गोव्यात म्हापशाला सांगली-मिरजेहून पाहुणे आले की कोपऱ्यावरच्या बेकरीच्या स्टॉलवर एक फेरी ठरलेली. आणि तिथे जाऊन उभं राहिलं की सगळ्यांची बोटं एकाच ठिकाणी वळतात: काचेच्या कपाटाची वरची फळी. ब्लॅक फॉरेस्ट, पायनॅपल, वर लाल चेरी. अहो, हे सांगलीत विश्रामबागेला मिळतं! त्यासाठी आंबोली घाट उतरून यायचं कशाला? दर वेळी तेच ते तोंडी सांगून मी दमले, म्हणून एकदाचं लिहून काढलं. जाऊबाईंची मुलं येवोत नाहीतर आत्याचं अख्खं कुटुंब येवो, आधी हे वाचा आणि मग चपला घाला.

माझं माहेर सांगलीचं, सासर म्हापशाच्या बार्देश तालुक्यातलं. सांगलीचं माणूस या स्टॉलवर नेमकं कुठे बिचकतं ते मला ठाऊक आहे, कारण ते सगळं माझ्या डोळ्यांसमोर होत आलंय.

खालच्या फळीकडे बघा

असा स्टॉल म्हणजे टपरीपेक्षा थोडा मोठा. समोर काचेचं कपाट, बाजूला पावाची टोपली, तिच्यावर निळं प्लास्टिक, मागे बरण्या आणि पत्र्याचे डबे. बार्देशात, तिसवाडीत, सासष्टीत, गोव्यात कुठेही गेलात तरी दोन-चार वाड्यांत मिळून असा एखादा दिसतोच.

त्यावरचा माल तीन वाटांनी येतो, आणि हे एकदा कळलं की निम्मं काम झालं. पाव आणि पोई, कांकणं हे पावाचेच प्रकार येतात मागच्या गल्लीतल्या लाकडाच्या भट्टीतून. क्रीमच्या पेस्ट्र्या आणि पफची पॅटिसं येतात मोठ्या बेकरीच्या टेम्पोतून. आणि खालच्या फळीवर, बऱ्याचदा साध्या प्लास्टिकच्या पिशवीत स्टेपल मारून ठेवलेलं जे काही असतं ते येतं आसपासच्या घरांतून. कुणी बाई फक्त दोदोल करते, कुणी फक्त बोलिन्हास, कुणी आठवड्यातून एकदा बेबिंका आणून देते. (ही सगळी इथली गोडं, एकेकाची ओळख पुढे येईल.) पिशवीवर छापील लेबल नसतं, असलंच तर पेनाने लिहिलेली तारीख. पाहुणे नेमकं हेच बघून नाक मुरडतात आणि छापील लेबलाच्या चकचकीत खोक्याकडे वळतात. मी नेमकं उलटं करते. खोकं किती दिवस दुकानात बसलंय ते मला कळत नाही, पण घरगुती पिशवी कुणी आणली आणि कधी आणली ते स्टॉलवाल्या आंटींना तोंडपाठ असतं. विचारा, सांगतील.

म्हणून पहिला प्रश्न नेहमी हा: “आंटी, हे कुठे केलेलं?” उत्तरात गल्लीचं किंवा वाड्याचं नाव आलं की घ्या. “कंपनीचं” असं उत्तर आलं तर ते विमानतळावरही मिळेल, आत्ता राहू द्या.

घड्याळ बघून जा

सकाळी उजाडताना पाव येतो. पोदेर म्हणजे पाववाला सायकलला टोपली बांधून, हॉर्न वाजवत दारोदार फिरतो आणि उरलेला माल स्टॉलवर टाकतो. तेव्हा गोडाधोडाच्या मागे लागू नका, पोई घ्या. कोंडा लावलेली, चपटी, आत पोकळ. हातात घेतली की गरम वाफ बोटांना लागली पाहिजे. पूर्वी हे पीठ सूर म्हणजे माडाचा रस घालून फुगवत, आता बहुतेक ठिकाणी यीस्टच असतं, पण लाकडाच्या भट्टीचा वास अजून येतो.

पॅटिसं साधारण नऊ-दहाला येतात आणि रविवारी मिस्सा सुटल्यावर बघता बघता संपतात. चर्चमधून सगळी घरं एकदमच परततात, त्यामुळे रविवारी तुम्ही आंघोळ-बिंघोळ उरकून अकराला गेलात तर हाती फक्त चुरा लागेल. दुपारी एक ते साडेतीन-चार कुठेही जाऊ नका. गोव्यात त्या वेळी दुकानं झोपतात, आणि ती झोपू द्यावीत. चारनंतर भट्टीचा दुसरा पाव येतो आणि त्याच सुमाराला आले-बेले, ताजी बातिक, संध्याकाळच्या चहाचा सगळा ऐवज मांडला जातो. साडेचार ते साडेपाच ही माझ्या मते सर्वांत चांगली वेळ. आंटींना बोलायला सवड असते आणि माल अजून निवडता येतो.

शुक्रवारी म्हापशाचा बाजार भरतो, तेव्हा गावोगावच्या बायका थेट बाजारात बसतात. हरमलच्या मिरच्या, मयड्याची केळी, चोरीसच्या (डुकराच्या सॉसेजच्या) माळा यांच्यामध्येच कुठेतरी दोदोलचे तुकडे आणि पेरादाच्या (पेरूच्या) वड्या दिसतील. गर्दी सोसत असेल तर जरूर जा. मला स्वतःला शुक्रवारी चव घेण्यापेक्षा सामान भरायला बाजार बरा वाटतो. चव घ्यायची तर कोपऱ्यावरचा स्टॉल.

अंडं, मांस आणि श्रावण

हा भाग आमच्या आत्यांसाठी, पण सगळ्यांनीच वाचावा.

गोव्याच्या बेकरीत अंडं गृहीत धरलेलं असतं. बेबिंकेत अंड्याचे बलक, बोलिन्हासमध्ये बलक, बातिकमध्ये अंडं, आले-बेलेच्या घावनातही बहुधा अंडं. पफ पॅटिसमध्ये आत बटाटा असला तरी वरची चकाकी अंड्याची असू शकते. विचारल्याशिवाय कुणी सांगणार नाही, कारण इथे ती सांगायची गोष्टच नाही. मात्र विचारलंत तर कुणी खोटंही बोलणार नाही.

तिखटमिठाच्या पदार्थांत आणखी जपा. क्रोकेट नावाचे लांबट, ब्रेडचा चुरा लावून तळलेले रोल बहुतेक वेळा बीफचे असतात. पॅन रोलमध्येही मटण, बीफ, चिकन, काहीही असतं. रिसोईस म्हणजे करंजीच्या आकाराचे, त्यात कोळंबी. चोरीस पावात डुकराच्या मांसाचं तिखट-आंबट सॉसेज. पॅटिसं वरून सगळी सारखीच दिसतात, म्हणून बहुतेक स्टॉलवर वेगळी खूण असते: कुणाच्या वर तीळ, कुणी चौकोनी, कुणी त्रिकोणी. खूण दर बेकरीची निराळी, तेव्हा “त्रिकोणी म्हणजे व्हेज” असला नियम मनाशी पक्का करू नका. जे खात असाल त्यांनी कोळंबीचे रिसोईस सोडू नयेत, एवढं सांगते आणि पुढे जाते.

अंडं नको असेल तरी यादी लहान नाही. दोदोल, दोस, पिनाग, पेराद, खाजं. आणि हे मोठ्या माणसांची समजूत काढायला काढून ठेवलेले पदार्थ नाहीत, यातले दोन तर माझ्या यादीत बेबिंकेच्याही वर आहेत. आमच्या घरी श्रावणात मासळी-अंडं बंद असतं, तेव्हा सासूबाई याच फळीवरून माल मागवतात. चिमटा मात्र वेगळा वापरायला सांगा. आंटी हसतील, पण वापरतील.

कसं मागायचं

बाईंना आंटी म्हणा, बुवांना बाब म्हणा किंवा नुसतं अंकल. मराठी सगळ्यांना कळते. तोडकीमोडकी कोकणी बोलायची हौस असेल तर बोटाने दाखवून “आयचें?” एवढं विचारा, म्हणजे आजचं का. उत्तर “काल्चें” आलं तरी हिरमुसू नका, काही पदार्थ कालचेच बरे असतात. ते पुढे येईल.

बरणीत हात घालायचा नाही, पावाला बोट लावून बघायचं नाही. हे सांगावं लागतं, म्हणून सांगितलं.

पाकीट विकत घेण्याआधी एकेक नग मागा. डझनाच्या पाकिटातून सुटा काढून द्यायला बहुतेक जण तयार असतात, आणि बेबिंकेची पातळ चकती कापून देतात. चार माणसं असाल तर चार वेगळे पदार्थ घेऊन चार-चार तुकडे करा. एकेकाने एकेक अख्खा खाल्ला तर तिसऱ्या पदार्थाला जीभ गोडाने बधिर होते आणि मग सगळंच “छान आहे” होऊन बसतं. बिनसाखरेचा काळा चहा सोबत ठेवा. दुधाचा नको, नारळाच्या स्निग्धतेवर दूध आलं की काही कळेनासं होतं. ज्या काकांना डायबेटिस आहे त्यांनी कांकण घ्यावं आणि इतरांकडे बघून हसावं.

कांकण म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक पाव. पाव भाजून झाल्यावर भट्टी निवू लागते, त्या मंद आचेवर तो सावकाश वाळतो. चहात बुडवून खायचा. बुडवायला घाबरू नका, हा खारीइतका लगेच विरघळत नाही.

आता चाखायला घ्या

क्रम महत्त्वाचा आहे. खोबऱ्याकडून सुरुवात, गुळाकडे प्रवास, बलक शेवटी. उलटं केलंत तर बेबिंकेनंतर बोलिन्हास कोरडा रवा वाटेल.

बोलिन्हास पहिले. वर काट्याने उभ्या-आडव्या रेषा मारलेलं गोल बिस्किट, रंग फिकट सोनेरी. रवा आणि खवलेला नारळ साखरेच्या पाकात शिजवून रात्रभर ठेवतात म्हणजे रवा फुगतो, मग बलक आणि वेलची घालून भाजतात. चांगल्या बोलिन्हासची कड कुरकुरीत आणि पोट किंचित मऊ असतं. मोडून बघा, आत नारळाचा कीस दिसला पाहिजे. नारळ वाटून गंध केला असेल किंवा बाजारचं कोरडं खोबरं घातलं असेल तर ते नुसतंच ठिसूळ होतं. हा असा पदार्थ आहे जो दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, वेलची मुरते. म्हणून “काल्चें” म्हटलं तर हसून दोन घ्या.

बातिक हा त्याच रव्या-खोबऱ्याचा केक. काही ठिकाणी वर पिठाच्या पट्ट्यांची जाळी असते. तो कोरडा पडायला वेळ लागत नाही, त्यामुळे तो आजचाच हवा. बोटाने दाबल्यावर परत वर आला तर घ्या. खमंग असतो, पोटभरीचा असतो, माझ्या मुलांचा लाडका आहे. मला स्वतःला तो एवढा काही वाटत नाही.

आले-बेले मिळालं तर नशीब. पातळ घावन, आत नारळ आणि माडाचा गूळ, गुंडाळी करून ठेवलेलं. उकडीच्या मोदकाचं सारण घावनात भरलं तर काय होईल, ते हे. दोन-तीन तासांत घावन आतल्या रसाने ओलं होऊन फाटतं, म्हणून स्टॉलवर उभं राहूनच खायचं. घरी नेऊन मायक्रोवेव्हमध्ये घालणाऱ्यांशी मी बोलत नाही.

दोस म्हणजे हरभऱ्याची डाळ शिजवून, वाटून, नारळ-साखर-तुपात आटवून शंकरपाळ्याच्या आकारात कापलेली वडी. पुरणपोळी खाणाऱ्या माणसाला याची ओळख करून द्यायला नको. फक्त साखर जास्त असते आणि जायफळाऐवजी वेलची. पुरणाचा लगदा डोक्यात ठेवून खाल तर फसाल, दोस सुटसुटीत असतो, दातांखाली डाळीचा कण येतो. पिनाग मात्र पहिल्या घासाला सगळ्यांना आवडत नाही. उकडा तांदूळ काळपट होईपर्यंत भाजून, कुटून, गूळ-खोबऱ्यात मळलेल्या त्या मुटक्या. करपट वास येतो, आणि तोच हवा असतो.

आता दोदोल. इथे मी थोडी थांबणार आहे, कारण हा पदार्थ पाहुण्यांनी सर्वांत जास्त वेळा परत ठेवलेला मी पाहिलाय. काळा, चकचकीत, तेलकट, हलणारा. दिसायला अजिबात आमंत्रण देत नाही. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ, वर काजूचे तुकडे, संपला पदार्थ. पण तो तासन्‌तास ढवळावा लागतो. नारळाचं दूध आटत आटत त्यातलं तेल सुटतं आणि गोळा कढईच्या कडा सोडू लागतो, तोवर हात थांबवायचा नाही, नाहीतर तळाला लागतो. चिकटपणा राहायला हवा पण दाताला धरून बसायला नको, हे सगळं त्या ढवळण्यावर.

आणि गूळ. रेंदेर म्हणजे माडाचा रस काढणारा माडावर चढून सूर काढतो, ती आटवून हा गूळ होतो. छोट्या मनोऱ्याच्या आकारात म्हापशाच्या बाजारात विकायला असतो, रंग जवळजवळ काळा, चवीला गोडाच्या मागून खारट. उसाच्या गुळाला तो खारटपणा नाही. माडावर चढणारे कमी झाले आणि हा गूळ महागला, तेव्हापासून पुष्कळ दोदोल उसाच्या गुळावर निघतो. तो वाईट नसतो, नुसता गोड असतो. ओळखायचं कसं? एक छोटा तुकडा जिभेवर ठेवून चावू नका, विरघळू द्या. शेवटी किंचित खारट आणि धुराची चव राहिली तर माडाचा. बोटाला तेल लागणं हे चांगलं लक्षण आहे, नारळाच्या दुधात काटकसर केली नाही असं समजायचं. अगदी कोरडा, सुरीने वडी पडेल असा कडक दोदोल घेऊ नका, त्यात पीठ जास्त. हाच पदार्थ याच नावाने मलेशिया-इंडोनेशियात आणि श्रीलंकेतही करतात, म्हणजे समुद्रावरून फिरलेला आहे.

तसं बघायला गेलं तर या फळीवर समुद्रावरून न आलेलं थोडंच आहे. भट्टीचा पाव पोर्तुगीजांबरोबर आला. १५१० पासून १९६१ पर्यंत ते इथे होते, एवढ्या काळात कुणाच्या हाताचं काय ते वेगळं काढणं कठीण. काजू आणि पेरू ही दोन्ही झाडं त्यांनीच अमेरिका खंडातून आणली. त्यांच्याकडच्या मिठायांत बदाम आणि बलक, इथे बदामाच्या जागी नारळ-काजू बसले. त्यामुळे पेराद म्हणजे पेरूचा गर साखरेत आटवून केलेली लाल घट्ट वडी अस्सल इथली आहे का, असं भाचीने विचारलं तेव्हा मी तिला म्हटलं, आधी खा. पेरादाबद्दल एवढंच बघा की ती पारदर्शक तांबडी असावी आणि सुरी सहज फिरावी. भडक लाल दिसली तर रंग घातलाय.

बेबिंका, सावकाश

बेबिंकेला २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून ती सगळ्या दुकानांत खोक्यांतून रचलेली असते आणि त्यामुळेच वाईट बेबिंका खाऊन “एवढं काय त्यात” म्हणणारी माणसं वाढली आहेत.

पीठ एकच असतं: घट्ट नारळाचं दूध, साखर, बलक, थोडा मैदा, जायफळ. एक पळी ओतायची, वरून आच द्यायची, वरचा पापुद्रा तपकिरी झाला की चमचाभर तूप, त्यावर दुसरी पळी. जुन्या रीतीत मातीच्या भांड्यावर झाकण आणि त्या झाकणावर नारळाच्या सोडणांचे निखारे. आता ओव्हनची वरची कॉइल. परंपरेने थर सात, हौशी बायका अधिक करतात. एका वेळी एकच थर भाजता येतो, घाई केली की खालचा थर कच्चा राहतो आणि सगळा डाव पुडिंगचा होतो. म्हणून ती महाग. भाव ऐकून डोळे मोठे करणाऱ्यांनी घरी दोन थर करून बघावेत.

चकती आडवी धरून उजेडात बघा. फिकट थर आणि त्यांच्या मध्ये बारीक गडद रेघा दिसल्या पाहिजेत, थोड्या वाकड्या-तिकड्या. त्या रेघा म्हणजे वरच्या आचेने करपलेली साखर. पांढरा-तपकिरी-पांढरा-तपकिरी असे सारख्या जाडीचे पट्टे असतील तर अर्ध्या पिठात कॅरॅमल घालून काम उरकलेलं असतं. दिसायला सुरेख, चव एकसुरी. थर सुरीच्या टोकाने उचलता यावेत, एकमेकांत मिसळून गेलेले नसावेत. वास जायफळाचा आणि तुपाचा. व्हॅनिलाचा वास आला तर ठेवून द्या.

खाताना जाड तुकडा मागू नका. बोटभर जाडीची चकती, किंचित कोमट, आणि वरचा एक थर सोलून आधी तो एकटाच खा. मग बाकीचे एकत्र. थंडगार बेबिंकेत तूप गोठलेलं असतं आणि ती तोंडात मेणचट लागते, “आवडली नाही” म्हणणारे बहुतेक जण अशीच फ्रिजमधली खाऊन आलेले असतात. सोबत व्हॅनिला आइसक्रीम द्यायची पद्धत आहे, मुलांना आवडते. माझ्या मते आइसक्रीम म्हणजे बेबिंका फार गोड झाल्याची कबुली.

कोणत्या महिन्यात काय

ऑगस्टात हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या एखाद-दुसऱ्या स्टॉलवर दिसतात. पंधरा ऑगस्टच्या सायबिणीच्या (मदर मेरीच्या) सणाला ख्रिस्ती घरांत त्या असतात, आणि नागपंचमीला आपल्या कोकणातही. हळदीचं पान सुकलेलं असेल तर सोडा. मे महिन्यात मानकुराद आंब्याचं काही मिळतं का हे विचारायला हरकत नाही, पण खरं सांगू, तेव्हा आंबाच खावा.

नाताळाच्या आधीचे दोन आठवडे सगळ्यांत श्रीमंत. नेवऱ्या (करंज्या), कुलकुल (पिठाचे वळून तळलेले गोड तुकडे), दोदोल, सगळं ताजं, कारण सगळ्या घरांत कढया चढलेल्या असतात. पण ऑर्डरी आधीपासून लागलेल्या असतात, तेव्हा त्या दिवसांत येणार असाल तर मला आधी फोन करा, मी आंटींना सांगून ठेवीन. चतुर्थीला आमच्या नेवऱ्या शेजारच्या ख्रिस्ती घरी जातात आणि नाताळाला त्यांचं ताट आमच्याकडे येतं, त्यामुळे त्या आठवड्यात स्टॉलवर न जाताही तुमची सोय होऊ शकते.

खाज्यासाठी मात्र स्टॉल नव्हे, जत्रा. हिवाळ्यात म्हापशाला बोडगेश्वराची, आणि ईस्टरनंतर मिलाग्रीस सायबिणीचं फेस्त, जिला शिरगावच्या लईराईची बहीण मानतात. दोन्हीकडे खाज्याचे ढीग लागतात: बेसनाच्या तळलेल्या कांड्या, गूळ आणि आल्याच्या पाकात घोळवलेल्या. मालवणी जत्रेतलं खाजं ज्यांनी खाल्लंय त्यांना नवल वाटणार नाही. आलं झणझणीत लागलं पाहिजे. कांडी मोडताना कट्‌ असा आवाज आला तर पाव किलो घ्या, वाकली तर पुढच्या दुकानात जा.

घरी काय न्यायचं

पॅटिस, आले-बेले, पोई यांतलं काहीही बसमध्ये न्यायचं नाही. बातिक दोन दिवस टिकते, पण उन्हाळ्यात खोबऱ्यावर भरवसा ठेवू नका. आंबूस वास आला की टाकून द्यायची, “अजून चालेल” नाही.

बोलिन्हास पत्र्याच्या डब्यात नीट राहतात. पावसाळ्यात इथली हवाच इतकी ओली असते की ते घेतानाच थोडे मऊ असतील. सांगलीला पोचल्यावर कढईत मीठ तापवून, वर ताटली ठेवून, झाकून मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवले की पुन्हा कुरकुरीत होतात. गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका.

दोदोल आठवडाभर बाहेर ठेवला तरी चालतो. पिशवीला तेल सुटतं, म्हणून दुहेरी पिशवी आणि खाली वर्तमानपत्र, आणि कपड्यांच्या बॅगेत अजिबात नको. पेराद सगळ्यांत गुणी, महिनाभर काही होत नाही, हिची एक वडी वाटेत मुलांना द्यायला वर ठेवा. बेबिंका अख्खी घ्या, कापलेली नको, कापलेल्या बाजूने ती सुकते. घरी गेल्यावर फ्रिजमध्ये ठेवा, आणि खायच्या आधी चकती कापून तव्यावर, झाकण ठेवून, अगदी मंद आचेवर दोन मिनिटं. तूप सुटून कडेला चमकायला लागलं की उतरवा. मायक्रोवेव्ह वापरणारच असाल तर दहा-पंधरा सेकंद, त्याहून जास्त ठेवलीत तर बलक घट्ट होऊन ती रबरासारखी ओढली जाते.

आणि येताना भडंग आणा. आंटींना तिखट भडंग फार आवडतं, मागच्या वेळी दिलं तर त्यांनी बोलिन्हासचे पैसे घेतले नव्हते. दोन पाकिटं आणा, एक माझ्यासाठी.